जोंधळे सरांच्या फोटोखाली ‘प्रवेश सुरू’

माणूस सकाळी गेला आणि दुपारी त्याच्या फोटोखाली ‘प्रवेश सुरू’ लागलं.

लाज कशी वाटत न्हाई?

जोंधळे सर लातूरला आमच्या रिपीटर बॅचला केमिस्ट्री शिकवायचे. आज हार्ट अटॅकनं गेले. बातमी कळल्या कळल्या नांदेडहून निघालो, तर क्लासच्या गेटवर हा भला मोठा फ्लेक्स. वर सरांचा फोटो, ‘आमचे आधारस्तंभ’. खाली नव्या बॅचची जाहिरात.

आधारस्तंभ म्हणे! ह्याच लोकांनी सरांना भर सीझनमध्ये काढलं. मी त्या वर्गात होतो.

कारण ऐका.

क्लासच्या नोट्समध्ये ऑक्सिडेशन स्टेटची ‘ट्रिक’ होती. क्लोरीनसारखा हॅलोजन दिसला की डोळे झाकून मायनस वन.
टेस्टला परक्लोरेट आलं, एका क्लोरीनला चार ऑक्सिजन. अख्ख्या बॅचनं क्लोरीनला मायनस वन ठोकलं.

सर लई भडकले. नोट्स फेकल्या, भिंतीवरच्या पिरिऑडिक टेबलवर डस्टर आपटलं.

“क्लोरीन कोणत्या ग्रुपात हाय?”
“सतरा, सर.”
“बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन किती?”
“सात.”
“म्हणजे एक घेईल, न्हाईतर सातपर्यंत देईल. समोर ऑक्सिजन बसलाय, तो ह्याच्याहून जास्त ओढतो. आता सांग, देईल का घेईल?”
“देईल, सर. प्लस सेव्हन!”
“मग? ट्रिक कशाला पायजे रे तुम्हाला? टेबल समोर टांगलंय ना!”

मुदखेडच्या झेडपी शाळेतून आलेलो मी. केमिस्ट्री आपल्यालाही समजते, हे त्या दिवशी कळलं.

डायरेक्टर दारात उभे.
“सर, काय करायलात? आपल्या नोट्स चुकीच्या हायत असं पोरांसमोर बोलायचं न्हाई.”
“मग दुरुस्त करा की.”

सोमवारी दुसरे सर आले. हातात त्याच नोट्स.

आज सरांची मुलगी प्रज्ञा रडत म्हणाली, “दादा, तो फोटो त्यांनी माझ्या स्टेटसवरून उचललाय. काढायला सांगता का?”

डायरेक्टरांना फोन केला.
“अरे, आपुलकीनं लावलंय. राहू दे दोन दिवस, ॲडमिशनचा टाइम हाय.”

डोकं सणकलं. मीच शिडी लावली. वॉचमन काकांनी ती धरली.

सरांचा फोटो तेवढा कापून प्रज्ञाच्या हातात दिलाय.
‘प्रवेश सुरू’ तुमच्या दारात पडलंय, साहेब. उचलून घ्या. पोलिसात जायचं तर खुशाल जा, ही पोस्ट माझ्याच नावानं टाकलीय.

जोंधळे सर, तुम्हाला मनापासून आदरांजली.
शेवटचा जयभीम, सर.