कमलिनीबाईंचा फोटो

नरहर देवपुजारी नागपूरहून भोपाळच्या सरकारी कारखान्यात फोरमन म्हणून आले, आणि पिपलानीच्या क्वार्टरमध्ये भांड्यांपेक्षा कॅमेरेच जास्त जमले. एकाखाली एक दोन भिंगं असलेले, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचे, ते जुने ट्विन-लेन्स. चौक बाजारातल्या भंगारातून उचललेले एकोणतीस नग! त्यांना पसारा म्हणायची हिंमत फक्त बायकोची, कमलिनीबाईंची.

नवा कॅमेरा आला की शटर तपासायला मात्र त्याच लागत. गॅस बंद करून, चांगलं पातळ नेसून त्या जास्वंदीपाशी उभ्या राहत. "हलू नकोस गं," म्हणत नरहरराव कळ दाबत. आत रोल नसायचाच. संग्रहातला कॅमेरा वापरून झिजवायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं.

"फोटो कधी दाखवता?"

"धुवायला दिलेत."

पंचवीस वर्षं हा गृहस्थ धादांत खोटं बोलला, आणि ती माउली पंचवीस वर्षं पातळ बदलून उभी राहिली.

कमलिनीबाई चार दिवसांच्या तापाने गेल्या. तेराव्याला ठेवायला फोटो शोधला, तर लग्नातले वाळवीने खाल्लेले. उरला होता एकच, कारखान्याच्या दवाखान्याच्या पुस्तकावरचा, नखाएवढा. त्यावर दोन्ही गाल झाकणारा जांभळा शिक्का.

तोच घेऊन नरहरराव एम. पी. नगरच्या स्टुडिओत गेले. तिथली बाई म्हणाली, "ठप्पा कंप्यूटर पे हटा देंगे, अंकल. चेहरे पे कोई तिल था क्या?"

"था. गाल पे."

"किस तरफ़?"

त्यांचं बोट उजव्या गालाकडे गेलं, मग डाव्याकडे. त्या कॅमेऱ्यांच्या काचेत डावं ते उजवं दिसतं, आणि बायकोला त्यांनी निरखून पाहिलं होतं ते तेवढ्या काचेतच. मुलीला, विजयाला फोन करावा, तर विचारायचं कुठल्या तोंडाने?

"रहने दो," ते म्हणाले. "शिक्का रहने दो."

तेराव्याला तो मोठा केलेला फोटो शिक्क्यासकट पाटावर ठेवला. हार घालताना विजयाने आईच्या डाव्या गालावर, त्या जांभळ्या डागावर बोट टेकवलं. "बघा ना बाबा, तीळसुद्धा झाकला गेला."

नरहरराव त्या बोटाकडे बघत राहिले आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. लोकांना वाटलं, बायकोची आठवण आली.