रिकाम्या सीटचं वजन

मला ओळखणाऱ्यांना हे वाचून आश्चर्य वाटेल. मी आयुष्यभर मेकॅनिकल इंजिनियर म्हणून नोकरी केली, आणि मांजर आडवं गेलं म्हणून घरात कुणी थांबलं तरी मी चिडतो. आमच्या सांगोला तालुक्यातल्या गावात अंगात येणारी माणसं लहानपणापासून पाहिली... तेव्हाही मला भीती कधी वाटली नाही. त्यामुळे हा अनुभव मी कुणाला पटवायला लिहीत नाही. या सदरात दर वेळी दुसऱ्यांचे अनुभव वाचतो आणि मनात येतं, आपल्याकडेही एक आहे. सांगून टाकावा.

काळ सत्तरच्या दशकातला. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या घरात मेंढरं राखायचा धंदा, शाळेत गेलेला मी पहिलाच. सोलापुरात तात्यांनी आधार दिला नसता तर मी मॅट्रिकच्या पुढं गेलो नसतो. कुंभारीच्या रस्त्याला त्यांची कापसाची जिनिंग मिल होती. मिलच्या आवारात त्यांनी मला खोली दिली, घरचा डबा दिला, आणि इंजिनियरिंगला पुण्याला निघालो तेव्हा एसटी स्टँडवर सोडायला स्वतः आले. डिग्री घेऊन परत आलो त्या दिवशी माझ्या वडिलांनी मला जवळ घेण्याआधी तात्यांचे पाय धरले. हे एवढ्यासाठी सांगतोय की, अशा माणसाला 'नाही' म्हणणं माझ्यासाठी काय होतं ते कळावं.

तात्यांचे थोरले भाऊ — दादा — इंग्रजांच्या काळात विमान चालवायला शिकले होते. शर्यतीसाठी बनवलेलं एका माणसाचं छोटं विमान त्यांनी विलायतेहून मागवलं होतं. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं कापड, पुढे इंजिन आणि मध्ये एक वेताची सीट. मंद्रूपकडच्या माळावर चुन्याने रंगवलेले खांब रोवून त्यांच्याभोवती वळण घ्यायचा ते सराव करत. शर्यतीला जायच्या आधीच एका वळणावर विमान ज्वारीत पडलं. दादा गेले. गावात बोललं गेलं की गडी पिऊन उडवत होता. दादांनी कधी थेंबाला हात लावला नव्हता. ते बोलणं तात्यांच्या मनात वर्षानुवर्षं सलत राहिलं.

"बिरू," मी नोकरीला लागल्यावर ते मला म्हणाले, "तेच विमान पुन्हा बांधायचं. जसंच्या तसं. दसऱ्याला उडालं पाहिजे. आपलं सीमोल्लंघन हवेतून. मग बघू कोण काय बोलतंय."

मूळ नकाशे काही मिळाले नाहीत. घरातले चार-सहा फोटो होते. फोटोत दादा पंखाला टेकून उभे — पैलवानासारखा आडवा बांधा. त्यांच्या उंचीवरून मी बाकीची मापं काढली. उरलेलं मंद्रूपच्या शिवारात सापडलं. तात्यांच्या जीपमधून वस्तीवस्तीवर हिंडलो. एका घरात इंजिनवरचा पत्रा कोंबड्यांच्या खुराड्यावर होता. एका विहिरीवर मागच्या चाकाचं कप्पीसारखं काम चाललं होतं, अजून बिनआवाजी फिरत होतं. आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या ओसरीवर ती वेताची सीट.

"ह्येच्यावरच व्हते की सायेब," म्हातारा म्हणाला. "आमीच उचललं त्यास्नी. लई देखना मानूस. तुमी न्या. मला बसवत न्हाय आता, गुडघं धरत्यात."

सीट मिलमध्ये आणली त्या दिवशी अक्का आल्या होत्या. अक्का म्हणजे दादांच्या आणि तात्यांच्या मधली बहीण. त्यांचा एकुलता मुलगा विजय फ्लाइंग क्लबात शिकून आला होता, लायसन होतं, आणि हे विमान तोच उडवणार होता. विजय माझ्याच वयाचा, सडपातळ, सतत चेष्टा करणारा. सीट बघून अक्कांचा चेहरा उतरला.

"तात्या, गेलेल्या माणसाचं अंथरूणपांघरूण आपण देऊन टाकतो. घरात परत आणतो का?"

"घरात कुठं आणलंय? विमानात लावणार आहे."

"म्हणजे पोराला त्यावर बसवणार!"

"मामाच्या मांडीवर बसतोय असं समज गं आई," विजय हसत म्हणाला. अक्का हसल्या नाहीत.

दीड-दोन वर्षं गेली. सांगाडा मिलच्या सुतारांनी बांधला. कापड सोलापूरचंच, त्यावर ते ताणून घट्ट करणारं रोगण. इंजिन एका जुन्या, मोडीत निघालेल्या विमानाचं मिळालं. नवरात्र बसलं तेव्हा विमान तयार होतं. आता शेवटचं काम — वजन.

विमानाचं वजन नुसतं किती आहे हे बघून भागत नाही. ते कुठं आहे हे बघावं लागतं. जरा मागं सरकलं तरी विमान वळणावर पडतं. म्हणून दोन चाकांखाली दोन आणि शेपटीखाली एक असे तीन काटे लावतात. मिलमध्ये कापसाच्या गाठी तोलायचे प्लॅटफॉर्म काटे होतेच. त्यांच्यावर बशीरचाचा तोलार. वजन सरकवून दांडी आडवी झाली की चाचा आकडा ओरडायचे.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी वजन घेतलं. प्रत्येक भाग बसवताना मी तोलून टिपून ठेवला होता, त्यामुळे बेरीज काय यायला हवी ते मला माहीत होतं. आलेली बेरीज त्यापेक्षा पासष्ट किलोच्या आसपास जास्त होती.

"काय बिरूशेठ, डिग्री पोस्टाने मागवली होती काय?" विजय म्हणाला.

"चाचा, काटे तपासा."

"काटे बराबर हैं साब," बशीरचाचा म्हणाले. "नक्को शक करो. सुबू गाठां तोले मैं." तरी त्यांनी एका गाठीचं वजन तिन्ही काट्यांवर करून दाखवलं. तिन्ही काटे एकच आकडा दाखवत होते.

टाकी कोरडी केली. आत कुणाची हत्यारं राहिलीत का ते पाहिलं. वेताची सीट काढून बाहेर ठेवली. सीटचं वजन तेवढं कमी झालं, जादा पासष्ट किलो तसेच. मग मी गणित मांडलं. तीन काट्यांच्या आकड्यांवरून जादा वजन नेमकं कुठं आहे ते काढता येतं. उत्तर आलं आणि मी ते पुन्हा केलं... ते वजन बरोबर सीटच्या जागी होतं.

हे मी बोलून गेलो तेव्हा सुतारांनी एकमेकांकडे पाहिलं. बशीरचाचा हलकेच म्हणाले, "दादासाब आके बैठे क्या?"

"दादा ऐंशी किलोच्या पुढं होते," तात्या म्हणाले. मला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली नाही, आशा दिसली. ते जास्त वाईट होतं.

"हे बघा, आपण लावू सोक्षमोक्ष," विजय म्हणाला. त्याने सीट परत बसवली, पंखावर पाय देऊन वर चढला आणि आत बसला. "घ्या आता वजन. माझे पासष्ट धरा वर."

आम्ही तिन्ही दांड्यांकडे बघत होतो. त्या वर उसळायला हव्या होत्या. एकही हलली नाही. सीट लावल्याचा तेवढा फरक दिसत होता, माणूस बसल्याचा काहीच नाही. आडव्या होत्या तशा आडव्या.

"बसलास का नीट?" मी विचारलं. प्रश्न किती वेडगळ होता ते नंतर कळलं.

"मग काय लटकलोय?"

त्याने आत उड्या मारल्या. विमान थरथरलं, दांड्या थरथरल्या आणि पुन्हा होत्या तिथं स्थिर झाल्या. तो उतरला. तरी तेच. जणू तो आधीपासूनच आत बसलेला होता, आणि बाहेर आमच्यात उभा होता तो मोजण्यात धरलेला नव्हता. विजयची चेष्टा तिथं थांबली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं-यंत्रं पुजतात आणि त्यांना विश्रांती देतात. मिल बंद. कानस-हातोडीलासुद्धा कुणी हात लावत नाही. सकाळी इंजिनांना, सरकी काढणाऱ्या जिनांना हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. तिन्ही काट्यांनाही माळा घातल्या. विमान काट्यांवरच उभं होतं, दांड्या आडव्या तरंगत होत्या. वजनं सरकवायची कुणाची छाती नव्हती आणि त्या दिवशी ते चालणारही नव्हतं. बशीरचाचा दर वर्षीसारखे पेढ्यासाठी हजर होते, पण काट्यांपासून लांब, दाराशी उभे. मी तात्यांजवळ. विजय भिंतीला टेकून.

अक्कांनी विमानाला ओवाळलं. कालचं त्यांना कुणी सांगितलं होतं ते मला माहीत नाही, पण त्यांना कळलं होतं. ताट खाली ठेवून त्या सीटकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दहाव्याला कावळा शिवत नाही तेव्हा घरातलं कुणीतरी पुढं होऊन गेलेल्या माणसाला शब्द देतं ना — तुझं अमुक करीन, तमक्याला सांभाळीन — अगदी त्या आवाजात त्या बोलल्या.

"दादा, तू पिऊन नव्हतास, हे आम्हाला माहिताय. गावाला दाखवायची गरज न्हाई. तुझं विमान उडणार न्हाई. माझं पोर ह्यात बसणार न्हाई. माझा शब्द हाय. सोड त्याला."

टक्.

पुढच्या एका काट्याची दांडी पडली. मग दुसऱ्याची. मग शेपटीकडची. झेंडूच्या माळा हलत राहिल्या. वरून ओझं उचललं की पडते तशी दांडी पडली होती. त्या शेडमध्ये वारं नव्हतं आणि काट्यांच्या हाताएवढ्या अंतरावर कुणीही नव्हतं. बशीरचाचा पुटपुटत बाहेर गेले. अक्कांनी ताट उचललं आणि पदराने डोळे पुसत त्याही गेल्या.

दसऱ्याच्या सकाळी पुन्हा वजन केलं. बेरीज जुळली. विजय बसला, त्याचे पासष्ट वाढले. उतरला, कमी झाले. जसं असायला हवं तसं सगळं. त्या आकड्यांवर कुठलाही सरकारी इन्स्पेक्टर हरकत घेणार नव्हता. माझी सही झाली की होटगी रोडच्या धावपट्टीवर विमान न्यायचं, एवढंच बाकी होतं.

"कर सही," विजय म्हणाला. "आईचा शब्द आईचा. मी कुणाला काही कबूल केलेलं नाही. बिरू, मी दोन वर्षं दुसरं काही केलं नाही रे."

तात्या माझ्याकडे बघत होते. "तू काय म्हणतोस? तू शिकलेला आहेस. तू म्हणशील ते."

मला शिकवलेलं सगळं त्यांनीच शिकवलेलं होतं. त्यांना काय हवं होतं ते मला ठाऊक होतं.

"तात्या, परवाचं वजन कशाचं होतं ते मला सांगता येत नाही. ते काल कुठं गेलं तेही सांगता येत नाही. जे आपोआप गेलं ते वर गेल्यावर आपोआप परत येणार नाही, असं मी कशाच्या आधारावर लिहू? मला सही करता येणार नाही."

तात्यांनी खिशातली आपट्याची पानं काढली, दोन सीटवर ठेवली, दोन माझ्या हातात दिली. माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचं ओझं मला अजून आठवतं. चाकांना दगड लावून त्यांनी इंजिन एकदा चालू करायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि बंद करायला सांगितलं. विमान पुन्हा कधी शेडबाहेर निघालं नाही. तात्या गेले, मिल विकली गेली, आणि ते लाकूड-कापड कुठं गेलं मला माहीत नाही.

विजय माझ्याशी कित्येक वर्षं बोलला नाही. पुढं तो पंपांच्या धंद्यात पडला, त्याचं बरं चाललं. पण रस्त्यात भेटला तर "काय इंजिनियर" एवढं म्हणून पुढे जायचा. त्याने पुन्हा कुठलंच विमान उडवलं नाही असं ऐकलं.

अक्का पिकल्या पानासारख्या गेल्या. त्यांच्या दहाव्याला मी गेलो होतो. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला... कुणाला काही बोलावं लागलं नाही. माणसं पांगू लागली तसा विजय माझ्यापाशी येऊन बसला. भुवया पांढऱ्या झालेल्या, मुंडण करायचं त्याने टाळलं नव्हतं, टोपी मांडीवर.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"काट्यात काही केलं होतंस का तू? आईने सांगितलं म्हणून? तू, नाहीतर बशीरचाचा. खाली तार, दोरी, काहीतरी... मी रागावणार नाही आता."

त्याच्या चेहऱ्याकडे बघून कळलं की एवढी वर्षं तो याच एका गोष्टीवर तगून होता. मी हो म्हणालो असतो तर त्याला कुणावर तरी चिडता आलं असतं, आणि मग माफही करता आलं असतं. आपल्या आईने आपल्याला फसवून जगवलं, एवढंच राहिलं असतं.

"नाही रे," मी म्हणालो. "त्या दिवशी खंडेनवमी होती. काट्याला कुणीच हात लावत नाही."

त्याने मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली.

"मग आईने शब्द देईपर्यंत," तो म्हणाला, "मी कुठं बसलेलो होतो?"