गाडीतला चार्जर आणि बाबांचा मीटर

मी जनावरांची डॉक्टर. चिखलीत राहते आणि आजूबाजूच्या गावांमधून बोलावणं आलं की गाडी घेऊन निघते. गाडी जुनी आहे, पण तिने मला कधी दगा दिला नाही. एकदाच दगा दिला, तो तिच्यातल्या चार्जरने.

हिवरा आश्रमाच्या अलीकडच्या एका शेतातून सकाळी फोन आला. गाय अडली होती. बोलत होती ती गाईची मालकीण, साठी ओलांडलेली बाई. मी लगेच निघाले. फोनवर नकाशा लावला, चार्जर जोडला. तासाभराने डांबरी रस्ता संपत आला तेव्हा बाईंचा पुन्हा फोन आला. त्या सांगत होत्या, "म्याडम, पुढं विहीर लागते, तिथून डाव्या हातानं..." आणि फोन बंद पडला. चार्जरचा निळा दिवा मात्र छान पेटलेला होता.

त्या भागात विहिरी बऱ्याच. दोन चुकीच्या शेतांत जाऊन, सोयाबीन निंदणाऱ्या बायांना विचारत विचारत मी पोचले तोवर अर्धा तास गेला होता. वासराची मान मागे वळली होती. मान सरळ करून वासरू काढलं, पण ते गेलेलं होतं. गाय वाचली. अर्ध्या तासाने फरक पडला असता का, हे मला आजही सांगता येणार नाही.

हात धुवायला पाणी ओतता ओतता बाईंनी विचारलं, "फोन काऊन बंद झाला वं?"

"चार्जिंग संपली."

"गाडीत चार्जर नाही का?"

"होता. लावलेलाच होता."

"मंग?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. बाबांनी चिखलीत तीसेक वर्षं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले. मग दुकान बंद केलं. आताच्या वस्तूंमध्ये उघडून पाहण्यासारखं काही राहिलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हापासून ते ओट्यावर बसून पेपर वाचत आणि घरातला पंखा बिघडला तरी मिस्त्रीला बोलवा म्हणत. त्या दिवशी मात्र ते चपला घालून माझ्याआधी गाडीपाशी गेले.

"लावेल होता आन् तरी उतरला? इकडं आण तो चार्जर."

त्यांनी त्यावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली. पाच व्होल्ट, एक अँपिअर. "म्हंजे पाच वॅट. तुव्हा फोन नकाशा दाखवून राह्यला, वरून तू बोलून राह्यली. एवढं तर तो तिथंच खाऊन टाकते. साठवन कुठून?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बाजारात मोबाइलच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चकचकीत डबी पुढे केली. "हा घ्या काका, एकदम फास्ट."

"फास्ट म्हंजे किती?"

"फास्ट म्हणजे फास्ट."

बाबांनी डबी उलटी केली. पुढे मोठा आकडा होता, मागे बारीक अक्षरांत वेगळंच. मोठा आकडा म्हणजे चार्जरला असलेल्या दोन्ही खाचांची बेरीज होती. फोनची केबल ज्या खाचेत लावायची तिला त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळणार होतं. एकेक करत त्यांनी सहा डब्या वाचल्या. दुकानदार आधी कंटाळला, मग स्वतःच भिंग मागून वाचू लागला. शेवटी त्याने खणातून अंगठ्याएवढा मीटर काढला. चार्जर आणि केबल यांच्या मध्ये तो लावला की किती वीज जाते ते दिसतं. बाबांनी तो हातात धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. चार्जरसोबत आम्ही तोही घेतला.

गाडीत लावून पाहिलं तर मीटरवर सात वॅट. माझा चेहरा पडला. बाबा म्हणाले, "थांब. केबल तीच जुनी लावली न तू?" डबीतली नवी, जाड केबल लावली तेव्हा आकडा अठरावर गेला. आम्ही दोघं गाडीत बसून तो आकडा पाहत राहिलो. आईने घरातून दोनदा हाक मारली.

मे महिन्यात एका दुपारी मी बीबी गावाकडे निघाले तेव्हा बाबा सोबत आले. वाटेत मीटरवर अठराचे सहा झाले.

"गेला वाटतं हाही चार्जर," मी म्हणाले.

बाबांनी चार्जरला हात लावून पाहिला. कोमट होता. मग काचेमागे उन्हात अडकवलेल्या फोनला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. त्यांनी फोन काढून एसीच्या झोताजवळ धरला. दहा मिनिटांनी आकडा हळूहळू चढू लागला.

"चार्जर देते म्हणते, फोनच नको म्हणून राह्यला होता," ते म्हणाले. "म्हंजे हे दोघं आधी एकमेकाशी बोलतात. किती पाहिजे, किती देऊ. आमच्या रेडिओले कोणी इचारत नव्हतं."

बीबी येईपर्यंत ते तेच बोलत होते. कोणत्या तारेतून बोलत असतील? केबल मध्येच काढली तर बोलणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं का? त्यांनी केबल काढून, लावून पाहिली. आकडा आधी लहान आला, मग मोठा झाला. "हो, पहिल्यापासून," ते स्वतःशीच म्हणाले.

आता फोन एसीच्या जाळीपाशीच अडकवलेला असतो आणि दिवसभर फिरूनही उतरत नाही. बाबांनी जुना चार्जर फोडून त्याचे भाग वर्तमानपत्रावर मांडले आहेत. गेल्या आठवड्यात त्यांनी मला फोनवर व्हिडिओ कसे शोधायचे ते शिकवायला लावलं. कोणीतरी हिंदीतून चार्जरचं पोट समजावून सांगतो. बाबा तो थांबवतात, मागे नेतात, पुन्हा ऐकतात आणि पाठकोऱ्या कागदावर काहीतरी काढतात.