हिरोईन गावचीच हवी

आमच्या पेडण्याकडच्या गावात नाटकाशिवाय जत्रा होत नाही. पण बायकांनी ते मांडवात बसून बघायचं, एवढाच त्यांचा वाटा. नट गावचे, हिरोईन मात्र फोंड्याहून बोलावलेली. ती एखाद्या तालमीला यायची, आणि आमचे हिरो तिच्यावर छाती पिटून प्रेम करायचे. ना ओळख, ना नातं, मग लाजायचं कोणाला?

गेल्या जत्रेला मी हटून बसले. जुन्या मासिकांतल्या तीन प्रेमकथा रंगमंचासाठी लिहून काढल्या होत्या, आणि म्हटलं, हिरोईन गावचीच हवी. देवळाच्या कमिटीतले निम्मे लोक शाळेत माझ्या हाताखालून गेलेत, त्यामुळे वाद घालायला जरा बिचकतात. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "बरां टीचर, यंदा बगूया. फसलां, तर परत फोंड्याची."

हिरोईन मी ठरवूनच ठेवली होती. आमच्या प्रॉम्प्टरची बायको. माहेर सावंतवाडीकडचं, तिथल्या शाळेत तिने नाटकं गाजवलेली. लग्नानंतर मात्र इथे दरवर्षी परक्या हिरोईनींना साड्या नेसवत आली. मी विचारलं तेव्हा डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "टीचर, एकदाच माका थंय उभी करा."

घोळ झाला तो पुढे. हिरो होता प्रॉम्प्टरचा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा सख्खा दीर. डिचोलीला खाणीवर ट्रक चालवतो, आवाज खणखणीत. पण वहिनीपुढे त्याचं पार पाणी झालं. "तिका असां कसां सांगू, टीचर? सकाळी तिच्याच हातची पेज जेवतंय!"

कथेत 'त्याच्या मनात आलं' एवढं लिहिलं की भागतं. रंगमंचावर मन दिसत नाही, म्हणून मी पानंपानं संवाद लिहिले होते, आणि मला त्यांचा भारी अभिमान होता. आता ते कापत बसले. तिसऱ्या कथेतला प्रियकर गुलाब आणायचा. आमच्याकडे कोण कोणाला गुलाब देतं? माझा हिरो तिच्या दाराशी पाववाल्या पदेराकडचे गरम उंडे घेऊन यायला लागला. भाषण गेलं, पाव आला. कापता कापता त्याच्या तोंडी तेवढी एक हाक उरली: तिचं नाटकातलं नाव. आणि खरं सांगते, कथा कधी नव्हे एवढी बोलायला लागली. त्या लाजऱ्या दिराचे माझ्यावर मोठे उपकार आहेत.

नाटकाच्या दिवशी मांडव गच्च. पहिल्या दोन कथा निभावल्या. तिसरीत तो उंडे घेऊन दाराशी आला, ती बाहेर आली, आता हाक मारायची. आणि तो भर मांडवात म्हणाला, "वैनी..."

पुढच्या रांगेतून हसू फुटलं, मग सगळीकडून. मी विंगेत डोळे मिटून घेतले. संपलं. बिचारीला एकदाच मिळालं होतं, तेही असं गेलं.

ती मात्र जागची हलली नाही. हसू ओसरू दिलं, आणि नाटकातली भाषा सोडून आपल्या माहेरच्या बोलीत विचारलं, "वैनी? म्हंजे तुज्या भावान माका आदीच पसंत केल्यान काय रे?"

समोरच्या विंगेत तिचा नवरा वही घेऊन बसला होता. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजलेला माणूस. तो उठून उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, "केलंय गो!"

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. शिट्ट्या, टाळ्या, म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तिला पुढचं वाक्य सुचेना, आणि प्रॉम्प्टर असून नवराही ते सांगेना. नुसता तिच्याकडे बघत राहिला. मी हात जोडले. एवढं चांगलं मला जन्मात लिहिता आलं नसतं, आणि ते माझ्या नाटकात घडलं, याहून जास्त मी काय मागायचं?

पडदा पडताच अध्यक्ष धोतर सावरत विंगेत आले. मला ओलांडून सरळ तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाय, फुडच्या वर्सा खंयचा नाटक करूया?"