एकाच डोळ्याचे थेंब

“आबा, महिन्याची बाटली बारा दिवसांत संपली कशी?”

केंदूरचे आबा शिरूरला माझ्या दवाखान्यात तपासणीच्या खुर्चीवर बसले होते. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. त्यांचा एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसऱ्यात पुण्याला नेत्ररोपण झालेलं, म्हणजे कुणीतरी मरणोत्तर दान केलेला बुबुळावरचा पारदर्शक पडदा बसवलेला. शरीर हा परका पडदा नाकारू बघतं. तसं होऊ नये म्हणून स्टेरॉइडचे थेंब महिनोन्महिने घालायचे. दर फेरीला मी बजावायचो, “हे थेंब म्हणजे तुमचा डोळा. एक वेळही चुकवायची नाही.” दरडावून बोलायची मला खोडच होती.

पडदा छान टिकला होता. मग थेंब गेले कुठं?

“मंडळीला घातलं,” आबा म्हणाले. “पाचट काढताना उसाची पात लागली तिच्या डोळ्याला. म्हणलं, एवढं भारी औषध घरात हाय, कशाला हेलपाटा? दोन दिसांत लाली गेली, डाक्टर. माझंबी चुकवलं न्हाई.”

उसाच्या पातीनं खरचटलं की जखमेत बुरशी शिरू शकते. स्टेरॉइडनं लाली जाते, पण शरीराची लढायची ताकदही दबते. डोळा वरून बरा दिसतो आणि आत बुरशी पसरत राहते.

“कुठं आहेत त्या?”

“भायेर बाकावर. कालपास्नं लई ठणकतंय म्हणती.”

काकूंनी पदर बाजूला केला. बुबुळ पांढरं पडलेलं, मधोमध फुटायला आलेलं. मी लगेच जीप करून त्यांना पुण्याला धाडलं. तिथल्या डॉक्टरांनी शर्थ केली, पण डोळा काढावा लागला.

महिन्याभरानं दोघं आली. आबा खुर्चीवर बसेनात.

“माझ्यातला पडदा काढून हिला बसवा. मीच घातलं ना थेंब?”

“तसं नाही होत, आबा.” डोळाच नाही तर पडदा बसवायचा कशावर, हे माझ्या तोंडून निघेना.

काकू काळा चष्मा सावरत म्हणाल्या, “उगं काय लावलंय? दोघांत मिळून दोन हायेत की. भागंल.”

आबा हमसून रडले. मलाही राहवलं नाही.

तेव्हापासून या थेंबांच्या प्रत्येक बाटलीवर मी जाड पेनानं लिहितो, ‘दुसऱ्या कुणालाही घालू नये.’ थेंब चुकवू नका म्हणून आबांना मी सहा महिने दरडावलं होतं. हे एवढं सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.