घरात माणसं किती?

घर घेतल्यावर मला एक गोष्ट कळली. दुकानदाराला तुमच्या घरातलं सगळं आधी जाणून घ्यायचं असतं. गॅसची शेगडी बघा, डायनिंग टेबल बघा, साधा कुकर घ्यायला जा, पहिला प्रश्न ठरलेला: "घरात माणसं किती?" आणि नेमकं ह्याच प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे कुणी देत नव्हतं.

म्हणजे मी दिलं असतं. माझं उत्तर पाठ होतं. दोन. मी आणि माझा नवरा.

बिबवेवाडीला सासऱ्यांचा फ्लॅट आहे, एक बेडरूमचा. आतल्या खोलीत सासू-सासरे, बाहेरच्या हॉलमध्ये आम्ही. रात्री सोफा उलगडायचा आणि सकाळी दूधवाल्याची बेल वाजायच्या आत मिटवायचा. लग्न होऊन दोन वर्षं होत आली तरी नवराबायकोने भांडायचं कुठे हा प्रश्न सुटला नव्हता. शेवटी आम्ही स्कूटरवर भांडायला लागलो. मी मागे बसून हेल्मेटमधून ओरडायची, तो पुढे बसून मान हलवायचा, आणि सिग्नल लागला की दोघंही गप्प, कारण शेजारच्या रिक्षातली माणसं कान टवकारून बसलेली असायची.

सासू वाईट असती तर किती सोपं झालं असतं! पण त्या चांगल्या होत्या. मला ताप आला की उशाशी बसायच्या, माझा डबा माझ्याआधी भरून ठेवायच्या. माझ्या आईला जन्मात जमली नाही अशी आमटी करायच्या. भांडायला जागाच नाही. पण मला दार हवं होतं. आतून कडी लावता येईल, आणि कडी लावली म्हणून कुणी मनाला लावून घेणार नाही, असं दार. ह्यात काय चुकलं? मला तेव्हाही चुकल्यासारखं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

वारज्याचा तो फ्लॅट रिसेलचा होता. तिसरा मजला, दोन बेडरूम, ओल आलेली एक भिंत, आणि लिफ्ट म्हणाल तर मूड असेल तेव्हा चालणारी. नवऱ्याला ऑफिसला जायला सोयीचा. जिना उतरताना मी त्याला विचारलं, "हे आपल्या दोघांचंच घर ना?"

"हो."

"मग आईबाबांना तू सांगायचंस. मी सांगितलं की मी घर फोडणारी सून होते."

"सांगतो," तो म्हणाला.

सांगतो! ह्या एका शब्दावर त्या माणसाने मला पुढे किती दिवस झुलवलं. पेढे आणले, कर्ज मंजूर झालं, किल्ल्या मिळाल्या, तरी ह्याने तोंडात मिठाची गुळणी धरलेली. आणि कुणी सांगितलंच नाही म्हटल्यावर सासू-सासऱ्यांनी त्यांच्या परीने जे समजायचं ते समजून घेतलं. एकुलत्या एका मुलाने मोठं घर घेतलं म्हणजे सगळ्यांसाठीच घेतलं. त्यात विचारायचं काय? पहिल्यांदा घर दाखवायला नेलं तेव्हा सासूबाई थेट दुसऱ्या बेडरूममध्ये शिरल्या आणि भिंतीला वीत लावून मोजत म्हणाल्या, "आमचं कपाट इथे बसतंय बरोबर." मी नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकी सरकते का ते बघत होता. सरकत होती. चांगली सरकत होती!

त्या दिवशी परतताना राजाराम पुलावर मी त्याच्या पाठीत चक्क गुद्दा घातला.

"सांगतो म्हटलं ना," तो म्हणाला. "वेळ बघून सांगतो."

"कुठली वेळ? त्यांचं कपाट आल्यावर?"

त्याने स्कूटरचा वेग वाढवला.

मग आली गीझरची खरेदी. विजेच्या वस्तू घ्यायच्या तर बुधवार पेठेतच, असा सासऱ्यांचा नियम. ऑनलाइन घेणं म्हणजे त्यांच्या मते डोळे मिटून लग्न करणं. तेव्हा एका शनिवारी आम्ही तिघं तिथल्या एका अरुंद दुकानात उभे राहिलो. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "घरात माणसं किती?"

नवऱ्याने वॉरंटी कार्ड उचललं आणि एखाद्या परीक्षेला बसल्यासारखा वाचायला लागला.

"चार," सासरे म्हणाले. मग जरा हसून, "आणि देवाची कृपा झाली तर पाच."

"मग हा लहान कशाला बघताय? नातवाच्या आंघोळीच्या वेळी आजोबांना गार पाणी मिळेल." दुकानदाराने मोठा गीझर काउंटरवर आदळला. सासरे इतके खूश झाले की त्यांनी घासाघीसही केली नाही. पुण्यात! मी बाजूच्या रॅकवरचे बल्ब बघत उभी राहिले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते रागाचं होतं.

त्यानंतर सगळ्या गोष्टी भराभर व्हायला लागल्या. सासूबाईंनी लोणच्याच्या मोठ्या बरण्या शेजारणीला देऊन टाकल्या. "तिकडे नव्या घरात हे जुनं कशाला!" सासरे सकाळी कट्ट्यावर मित्रांना सांगायला लागले, "आम्ही आता वारजेकर." आणि एक दिवस जेवताना त्यांनी जाहीर केलं की बिबवेवाडीच्या घराला भाडेकरू मिळालाय. चांगलं जोडपं आहे. रविवारी संध्याकाळी येऊन पक्कं करणार.

माझा घास हातातच राहिला. आतापर्यंत हा नुसता न बोलण्याचा गोंधळ होता, अळीमिळी गुपचिळी. पण एकदा भाडेकरू आत आला की सासू-सासऱ्यांना परत जायला जागाच उरणार नव्हती, आणि मला तोंड उघडायला. मग वारज्याचं दार मला मिळालं असतं, पण कडी लावायची सोय नसती.

आईला फोन केला तर ती म्हणाली, "भीड भिकेची बहीण गं बाई. त्याला म्हणावं, बोल नाहीतर जन्मभर बस असाच."

"तू बोल ना त्याच्याशी."

"मी? मी कशाला वाईटपणा घेऊ?" आई म्हणाली. म्हणजे झालंच.

रविवारी सकाळी वारज्याला मिस्त्री येणार होता, स्वयंपाकघराचा ओटा नव्याने करायचा होता. सासू-सासरे रिक्षाने यायचे होते. आम्ही स्कूटरवर.

"आज," मी मागून म्हणाले.

"हो."

"संध्याकाळी भाडेकरू यायच्या आत."

"हो गं. मिस्त्रीचं काम झालं की तिथेच सांगतो. शप्पथ."

त्याची मान घामाने भिजली होती. सकाळचं ऊन काही तेवढं नव्हतं. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. आईबाबांना दुखवायचं नाही आणि बायकोलाही नाही, असा तो माणूस. पण अशी माणसं शेवटी सगळ्यांनाच दुखवतात, हे त्याला कोण सांगणार?

मिस्त्री गप्पिष्ट नव्हता. त्याने जुना ओटा ठोकून बघितला आणि म्हणाला, "हा फारच खाली आहे. नवा किती उंच करू? उभं राहून दाखवा जरा."

मी पुढे व्हायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. त्या माझ्या खांद्यालाही लागत नाहीत. त्यांनी पदर खोचला, कोपरात हात वाकवला आणि पोळी लाटल्यासारखे हात हलवून दाखवले, तेही लाजत, फोटो काढायला उभं राहिल्यासारखं. मिस्त्रीने टेप धरून भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. मग मी उभी राहिले. माझी रेघ पार वर गेली. मिस्त्रीने दोन्ही रेघांकडे बघून डोकं खाजवलं.

"मधोमध केला तर दोघींची पाठ दुखेल," तो म्हणाला. "रोजचा स्वयंपाक कोण करणार ते सांगा."

"मीच की," सासूबाई म्हणाल्या. "ह्या दोघांना कुठला वेळ, ऑफिसं असतात."

मिस्त्रीने त्यांच्या रेघेपाशी खूण करायला पेन्सिल टेकवली. मी नवऱ्याकडे बघितलं. तो ग्रॅनाइटच्या नमुन्यावरून बोट फिरवत होता.

"अरे," मी म्हणाले.

त्याने वर बघितलं. त्याचे डोळे नुसते विनवत होते: आत्ता नको. आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

"आई, रोजचा स्वयंपाक मी करणार आहे," मी म्हणाले. "इथे आम्ही दोघंच राहणार आहोत."

मिस्त्री शहाणा माणूस. "एक फोन करून येतो," म्हणून तो बाहेर गॅलरीत गेला. जाताना त्याने दारही ओढून घेतलं.

"दोघंच म्हणजे?" सासरे म्हणाले. "आणि आम्ही?"

मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिले.

"अरे, संध्याकाळी भाडेकरू येतोय." त्यांनी मुलाकडे वळून विचारलं, "तुला माहीत होतं हे?"

"हो," नवरा म्हणाला. इतकं हळू, की मला त्याचे ओठच दिसले.

"मग मी गावभर सांगत फिरत होतो तेव्हा तुझ्या तोंडाला काय झालं होतं? त्या दुकानात? चार म्हणालो ना मी? चार!" त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी टोपी उचलली आणि ते जिन्याकडे गेले. लिफ्टचं बटणही दाबलं नाही. त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला.

आता माझी पाळी, असं मी धरून चालले होते. जे काय ऐकावं लागेल ते ऐकून घ्यायचं, उलट बोलायचं नाही, असं मनाशी ठरवतही होते. पण सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी नको होते तर मला सांगायचंस."

"आई, तसं नाही गं..."

"कसंही असू दे. हिच्या तोंडून वदवून घेतलंस. मी हिला नावं ठेवली असती, चार बायकांत, जन्मभर. तुला चाललं असतं?"

तो पुन्हा ग्रॅनाइटच्या नमुन्याकडे बघायला लागला.

"चाललं असतं," त्याच म्हणाल्या. "जा. बाबा एकटे आहेत खाली. तू बोल त्यांच्याशी. हिला नेऊ नकोस बरोबर."

तो गेला. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच उरलो. "आई, सॉरी," म्हणाले, तर त्यांनी हात असा उडवला की पुन्हा म्हणायची हिंमत झाली नाही. मग त्या ओट्यापाशी गेल्या. खिडकी ओट्याच्या वर होती, खाली पार्किंग. त्यांनी टाचा उंचावल्या, पण त्यांना काही दिसेना.

"बघ काय चाललंय," त्या म्हणाल्या.

मी वाकून बघितलं. सासरे आमच्या स्कूटरला टेकून उभे होते, पाठमोरे. नवरा त्यांच्यासमोर गेला.

"बोलतोय का?"

"बोलतोय."

"खरंच बोलतोय, का नुसता उभा आहे?"

"नाही, बोलतोय. हातवारे करतोय." मी त्याला बाबांसमोर हातवारे करताना कधी बघितलं नव्हतं.

"आणि हे?"

"ऐकतायत." जरा वेळाने मी म्हणाले, "बाबांनी फोन काढला खिशातून. कुणाशीतरी बोलतायत. ठेवला."

"भाडेकरूला नको म्हणाले," सासूबाई म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं. त्यांनी ओट्यावरची सिमेंटची धूळ तळहाताने पुसली आणि तळहात साडीला पुसला. "आणि हा?"

मला खोटं बोलता आलं असतं. "रडतोय," मी म्हणाले.

त्या झटकन वळल्या आणि दारापर्यंत गेल्यासुद्धा. उंबऱ्यात थबकल्या. पुन्हा ओट्यापाशी आल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "आज मी डोळे पुसायला गेले तर हा कायम माझ्याकडेच पळत येईल. तुझ्याकडे राहायचा नाही."

"आई, तुम्ही जा. खरंच जा."

"थांबला का रडायचा?"

"नाही."

त्यांनी माझं मनगट पकडलं. "मला धर," त्या म्हणाल्या. "धर गं, नाहीतर जाईन मी."

मी दोन्ही हातांनी धरलं. एवढीशी बाई, पण जोर किती होता तिच्यात! त्या दाराकडे ओढत होत्या आणि माझं मनगट सोडत नव्हत्या.