फिलूमावशीला कागद चालत नसत

फिलूमावशीने माझं आधार कार्ड उलटं धरलं, उन्हात नेऊन पाहिलं, सुलटं केलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, "फोटो वाईट हाय. आता मानूस आन."

"कसला माणूस?"

"तुज्याबद्दल सांगंल असा. कागद काय, कोन पन छापतं. कोन सांगंल तुज्याबद्दल?"

भुईगावात तिच्या घराची मागची खोली मला भाड्याने हवी होती. आईवडील नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये आणि माझं काम इथल्या वाड्यांमध्ये. काम म्हणजे बावखलं वाचवणं. बावखल म्हणजे वाडीतलं जुनं गोड्या पाण्याचं तळं. ते पावसाचं पाणी मुरवतं आणि आसपासच्या विहिरी गोड ठेवतं, म्हणून ते बुजवून त्यावर इमारत उभी करायची असा आपल्याकडचा विकास आहे. याविरुद्ध मी पत्रकं लिहायचे, छापायचे, वाटायचे. त्यामुळे गावात माझी ओळख एकाच माणसाशी होती. तो भरावाचा ठेकेदार. आदल्याच दिवशी त्याच्या डंपरसमोर उभी राहून मी त्याच्याशी कडाक्याचं भांडले होते.

मी वैतागून त्याचंच नाव सांगितलं. मावशीने खरंच त्याला बोलावणं धाडलं. तो ओटीवर बसला, चहा प्यायला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ही पोरगी? डोक्याला ताप आहे, मावशी. समजावून सांगा, पैसे दाखवा, धमकी द्या, गप बसत नाही."

"बरं सांगितलंस," मावशी म्हणाली आणि मला खोलीची चावी दिली.

अशी ती होती. लाल चौकटीचं लुगडं, पाठीत थोडा बाक, आणि समोर येईल त्याला पहिला प्रश्न, "कुनाचा तू?" पोस्टमन, केबलवाला, मतं मागायला आलेला उमेदवार, कुणाची सुटका नव्हती. उमेदवाराने पक्षाचं नाव सांगितलं तर म्हणाली, "तो तुजा मालक. मी घर विचारलं." माझी पत्रकं मात्र तिला आवडायची. कागद जाड असतो, सुकेळी गुंडाळायला बरा, असं तिचं मत. 'बावखलांची हत्या थांबवा!' हा माझा मथळा सुकवलेल्या राजेळी केळ्यांभोवती तेलकट होऊन पापडी गावच्या बाजारात फिरत असे. मी चिडले की म्हणायची, "अगो बाय, लोक घरी तर नेतात ना? तू वाटतेस तेव्हा रस्त्यात टाकतात."

मग मला पोर्तुगालहून पत्र आलं. तिथल्या एका लहान गावात जुनी तळी आणि विहिरी पुन्हा जिवंत करणारी एक संस्था आहे. त्यांनी मला वर्षभराच्या इंटर्नशिपला बोलावलं. राहायची सोय दोना आमेलिया, म्हणजे आपल्या भाषेत आमेलियाबाई, या विधवेच्या घरी. आता फक्त परवानगी हवी होती. आधी रहिवासाचा व्हिसा, मग तिथं पोचल्यावर रहिवास परवाना. आम्ही घरी सगळ्यालाच 'परवाना' म्हणायचो.

मावशीच्या घरामागे तिचं स्वतःचं बावखल होतं. त्याचं पाणी दरवर्षी थोडं हिरवं, थोडं कमी होत चाललं होतं. ती म्हणाली, "जा. शिक. नि परत येऊन हे नीट कर. माज्या दिरांच्या पोरांचा डोळा हाय त्याच्यावर. मेलेलं पानी बुजवायला कोनाला लाज नाय वाटत." तेव्हापासून परवाना माझ्या एकटीचा राहिला नाही.

अर्जाला हेतुपत्र जोडायचं होतं. मी रक्त आटवून लिहिलं. पहिलं वाक्य होतं : 'ज्या जगात भांडवलाला सीमा नाहीत आणि माणसाला आहेत, त्या जगाचा मी प्रथम निषेध करते.' मावशीने वाचून दाखवायला लावलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "दुसऱ्याच्या दारात उभं राहून आधी शिवी देतात काय? आधी नमस्कार लिही. निषेध शेवटाला लिही, जागा उरली तर." जागा उरली नाही.

मुंबईतल्या अर्ज केंद्रावर ती माझ्यासोबत आली. मला नको होतं. पण "पोरीला एकटीला बघून उलटसुलट सांगतात" हे तिचं पक्कं मत होतं. दारावरचा रखवालदार म्हणाला, फक्त अर्जदार आत. मावशीने त्याला विचारलं, "कुनाचा तू?" तो वालीवचा निघाला, त्याची सासू भुईगावची निघाली, आणि आम्ही दोघी आत गेलो. मी तिथेच तिला सुनावलं, "मावशी, हा वशिला झाला. याच्याविरुद्ध मी पत्रक काढलंय."

"वशिला कसला? वशिला अनोळखी मानसाचा लावतात. याच्या सासूच्या लग्नात मी जेवलेय."

खिडकीपलीकडे एक सज्जन तरुण होता. त्याने कागद चाळले आणि म्हणाला, तिकडच्या राहण्याच्या जागेबद्दल मालकिणीचं सहीचं पत्र कमी आहे, ते आणा. रीतसर बोलला. पण मावशी काचेला नाक लावून उभी राहिली.

"बाबा, एक विचारू? तुमचे लोक आमच्याकडं दोनशे वर्षं राहिले. किल्ला बांधला, क्रुसाची देवळं बांधली, आम्हाला नावं दिली. तेव्हा आम्ही विचारलं का, जागामालकाचं पत्र कुठाय म्हणून? आमची पोर एक वर्ष मागते."

तरुणाने इकडेतिकडे पाहिलं. हळूच म्हणाला, "मावशी, मी डोंबिवलीचा आहे."

"असशील. पन बसलास त्यांच्यातर्फे ना? मग त्यांच्यातर्फे ऐक."

त्याने ऐकलं. मान खाली घालून, सगळं ऐकलं. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी टाळी वाजवली. इतक्या वर्षांच्या चौकसभांमध्ये माझ्या भाषणाला इतकी मनापासून टाळी पडलेली नाही, हे मला इथं नमूद करायचं आहे.

मालकिणीचं पत्र मागवणं सोपं होतं. एक ईमेल. पण घरी येताना मावशीच्या डोक्यात वेगळंच शिरलं. "ती आमेलिया, ती कोन? तुज्याबद्दल इतकं विचारतात, तिच्याबद्दल कोन सांगंल? आमची पोर तिच्या घरात झोपनार!" मी म्हटलं, संस्थेने पाहिलंय सगळं. "संस्था म्हंजे कागद. मानूस कोन?"

भुईगावच्या ख्रिस्ती घरांत परगावचं स्थळ आलं की चौकशीची एक रीत आहे. इकडचे फादर तिकडच्या फादरांना पत्र लिहितात. माणूस कसा, घर कसं, आधीचं लग्नबिग्न तर नाही ना. मावशीला दुसरी रीत माहीतच नव्हती. ती थेट फादरांकडे गेली. फादर बिचारे नवे, तरुण. त्यांच्या संगणकात चौकशीच्या पत्राचा एकच नमुना होता. त्यांनी नाव आणि गाव बदललं आणि पाठवून दिलं.

तिकडच्या म्हाताऱ्या पाद्रींनी ते वाचलं तेव्हा त्यांना एकच अर्थ दिसला : भारतातून कुणीतरी दोना आमेलियाला मागणी घातली आहे. ते कर्तव्याला चुकणारे नव्हते. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईचं नाव त्यांनी रविवारच्या प्रार्थनेत वाचलं आणि कुणाची हरकत असल्यास कळवावं असं सांगितलं. हरकत एकाचीच आली. ती बाईंच्या शेजाऱ्याची. त्याला म्हणे स्वतःला विचारायचं होतं, बरीच वर्षं धीर होत नव्हता.

हे सगळं आम्हाला कळलं ते आमेलियाबाईंनी संस्थेतल्या इंग्रजी येणाऱ्या मुलीकडून मला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा. मी शरमेने मेले. माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीने फोन हिसकावला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. भाषा शून्य. मग मावशीने माझ्या खोलीची चावी कॅमेऱ्यासमोर धरली. "चावी!"

"शाव!" पलीकडून आनंदाने आवाज आला आणि तिकडची चावी दिसली.

मावशी स्वयंपाकघरात धावली. "बटाटा!" तिकडूनही बटाटा आला. पाव आला. बादली आली. पाऊण घर त्या दोघींनी एकमेकींना दाखवलं, आणि दर वस्तूला तिकडून नाव ओळखीचंच येई. फोन ठेवून मावशी म्हणाली, "आपलीच हाय ती. घर सोच्छ हाय. जा."

आणि फादरांच्या पत्राचं उत्तर? ते शिक्क्यानिशी आलं. मालकिणीच्या पत्रासोबत तेही जोडायचंच असा मावशीचा हट्ट. दुसऱ्या फेरीला डोंबिवलीच्या तरुणाने ते दोनदा वाचलं.

"मॅडम, यात लिहिलंय की या बाई सद्वर्तनी असून त्यांच्या विवाहास कोणताही अडथळा नाही. तुम्ही इंटर्नशिपला जाताय ना?"

मी काही बोलायच्या आत मावशी काचेपाशी पोचली होती. "हो. मग? लग्नाला चालते ती बाई, ती भाड्याला नाय चालत?"

त्याने कपाळावर हात फिरवला आणि पत्र फायलीत लावलं. बहुतेक मावशी तिसऱ्यांदा येऊ नये म्हणून.

परवानगी मिळाली. कशामुळे, ते देव जाणे. माझी समजूत आहे की माझे कागद पूर्ण होते. मावशीची समजूत वेगळी होती आणि तिने ती देवळाबाहेर, बाजारात, बसस्टॉपवर सगळ्यांना सांगितली. निघताना तिने सुकेळ्यांचे दोन पुडे दिले, एक मला, एक आमेलियाला, दोन्ही माझ्याच पत्रकात गुंडाळलेले. पाया पडू लागले तर म्हणाली, "ते नको. परत ये. कोनी विचारलं कुनाची, तर तोंड उघड. तुला उत्तर येत नाय त्याचं, तू लगेच भाषन देतेस."

तिकडे व्हिसाच्या मुदतीत परवान्याचं कार्ड हाती पडायला हवं होतं. तिथल्या रांगाही आपल्यासारख्याच लांब. व्हिसा संपला, कार्ड यायचं होतं, आणि त्याच दिवसांत भुईगावहून फादरांचा फोन आला. मावशी सकाळी बावखलाच्या काठावर बसली होती, ती तिथंच गेली.

मी पोर्तुगालबाहेर पडले असते तर पुन्हा आत येता आलं नसतं. काम अर्धवट राहिलं असतं, आणि ते काम तिच्याच पाण्यासाठी होतं. जिच्या जिवावर परवाना मिळाला, तिच्याच मातीला त्या परवान्याने मला जाऊ दिलं नाही. याचा निषेध मी तेव्हा केला, आजही करते, आणि या वेळी तो शेवटाला लिहायला मी तयार नाही.

आमेलियाबाईंनी मला विचारलं नाही. त्यांनी त्यांच्या देवळात मावशीच्या नावाची मिस्सा, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, सांगितली. पाद्री तेच. पहिल्या बाकावर शेजारचे गृहस्थ, बाईंच्या अगदी जवळ बसलेले. बाकी काळ्या कपड्यांतल्या काही म्हाताऱ्या. शेवटी पाद्रींनी विचारलं आणि संस्थेच्या मुलीने मला सांगितलं : गेलेल्या बाईबद्दल कोण बोलेल?

कोण सांगेल तुझ्याबद्दल?

मी उठले. मी चौकात भोंगा घेऊन बोलणारी मुलगी. पोर्तुगीज मला पाव आणि बटाट्यापलीकडे येत नव्हतं. मी मराठीत बोलले. ठेकेदाराची साक्ष, उलटं धरलेलं आधार कार्ड, खिडकीतला डोंबिवलीकर, सगळं सांगितलं. एका शब्दाचाही अर्थ कुणाला कळला नाही. कुणी उठून गेलंही नाही. एक म्हातारी तर योग्य जागी हसली, का ते मला अजून कळलेलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर तीच म्हातारी माझ्याजवळ आली. माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि काहीतरी विचारलं. संस्थेची मुलगी हसू दाबत म्हणाली, "इथल्या म्हाताऱ्या सगळ्यांना हेच विचारतात. त्यांना विचारायचंय, तू कुणाची?"

या वेळी मी भाषण दिलं नाही.

"फिलूमावशीची," मी म्हटलं. "भुईगावची."

म्हातारीने मान डोलावली. जणू तिला ते घर माहीत होतं.